काळी खिडकी

रक्तपेढीत सगळे त्यांना काकू म्हणत. पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा त्या चाळिशीच्याही नव्हत्या आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. खरवडून काढायला गेलं तर अर्धंच निघतं.

मुळात त्या आल्या होत्या प्रयोगशाळेत. रक्तगट तपासायचे, रुग्णाच्या रक्ताशी पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायचं, नोंद करायची. मग पेढीत कॉम्प्युटर आला. तो कुणालाच नको होता, आणि काकूंना 'नाही' म्हणायला इतरांपेक्षा जरा उशीर झाला, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला. त्यावर लिनक्स होतं, म्हणजे जिची आतली रचना कुणालाही उघडून वाचता येते, बदलता येते अशी फुकट मिळणारी प्रणाली. काकूंनी ती वाचायला सुरुवात केली. घरी एक मोडका कॉम्प्युटर आणून त्यावर शिकल्या. शाळेत जाणारा धाकटा भाऊ शेजारी स्टूल ओढून बसायचा, त्यालाही शिकवलं. हळूहळू प्रयोगशाळेतलं काम सुटलं आणि शीतगृहाला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीतला सर्व्हर हेच त्यांचं काम होऊन बसलं. पेढीतली प्रत्येक पिशवी, तिचा गट, तिच्या तपासण्या, ती कुणाला गेली, सगळं त्या एका पेटीत होतं.

पेढीतले सगळ्यांत जुने टेक्निशियन होते, त्यांना सगळे बर्फ म्हणत. शीतगृहाजवळ आयुष्य गेलेलं आणि डोकं कधी तापलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बर्फ. त्यांनी एकदा चहा पिताना विचारलं होतं, "काकू, तुम्ही त्या काळ्या खिडकीत सारखं काय टाइप करता?"

"पॅकेज मॅनेजरशी बोलते," काकू म्हणाल्या. "असं बघा, या मशीनमध्ये कुणी एकटं राहत नाही. छपाईचा प्रोग्राम आणायचा म्हटलं तर त्याला अक्षरांचा प्रोग्राम लागतो, त्याला आणखी कुणीतरी. आणि सगळ्यांनाच शेवटी एक मूळ लायब्ररी लागते, तिच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. पॅकेज मॅनेजर म्हणजे घरातली जाणती बाई. कोण कुणावाचून येत नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं तिला ठाऊक. एकाला बोलवा म्हटलं की ती म्हणते, बाई गं, सोबत हे तिघं येणार, आणि त्या दोघांना आधी बाहेर काढावं लागणार. आणू का?"

"आणि आपण नको म्हटलं तर?"

"तर गप्प बसते."

"अशी एक आमच्याकडे पाठवा," बर्फ म्हणाले. त्यांच्या घरी तीन सुना होत्या.

धाकटा भाऊ आता एका मोठ्या कंपनीत शेकडो सर्व्हर सांभाळत होता. काकूंना त्याचा अभिमान होता आणि तो अभिमान त्याला कळू नये याची त्या काळजी घेत. पण काही महिन्यांपूर्वी आईकडे सगळे जमले असताना तो म्हणाला, "ताई, तुझ्या सर्व्हरवरची आवृत्ती कालबाह्य झालीय. तिचं भांडार बंद पडलंय. नवीन काही येणार नाही, दुरुस्त्या येणार नाहीत. एक दिवस तुला काहीतरी नवं लावायचं असेल आणि अडशील."

"पेढी तुझ्या ऑफिससारखी शनिवार-रविवार बंद नसते," काकू म्हणाल्या. "नवी आवृत्ती चढवायला मशीन थांबवावं लागतं."

"थांबवता येतं गं. दुसरं मशीन उभं करायचं, त्यावर आधी करून बघायचं. तू भ्यायलीस, असं सरळ म्हण ना."

वहिनीसमोर, भाच्यांसमोर म्हणाला. काकू काही बोलल्या नाहीत. पुढेही बोलल्या नाहीत. एकमेकांची तब्येत कशी आहे हे दोघांना आईकडून कळायचं.

*

त्या दिवशी सकाळी नव्या लेबल-प्रिंटरच्या कंपनीचा माणूस आला. जुन्या प्रिंटरची शाई फरफटत होती. त्या आठवड्यात दोनदा पिशवीवरचा बारकोड यंत्राला वाचता आला नव्हता, आणि रक्ताच्या पिशवीवरचं लेबल वाचता न येणं ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. पेढीच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी नवा प्रिंटर मागवला होता आणि तो आजच चालू झालेला त्यांना बघायचा होता.

कंपनीच्या माणसाने पेनड्राइव्ह दिला. त्यात प्रिंटरचं पॅकेज होतं, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम. काकूंनी चिंचोळ्या खोलीत सर्व्हरसमोर बसून, सगळे अधिकार असलेली काळी खिडकी उघडली आणि पॅकेज लावायला सांगितलं. पॅकेज मॅनेजरने नकार दिला. या पॅकेजला मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती लागते, इथे जुनी आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं.

काकूंनी नव्या आवृत्तीच्या भांडाराचा पत्ता जोडून बघितला आणि फक्त लायब्ररी मागितली. आता स्क्रीनवर नावंच नावं उतरली. ही आणायची तर एवढं सगळं काढावं लागेल. त्यात रक्तपेढीचा प्रोग्रामही होता. काकूंनी 'नको' म्हटलं, जोडलेला पत्ता काढून टाकला आणि खुर्चीला टेकून बसल्या.

"असं करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "या मशीनसाठी बनवलेलं पॅकेज द्या."

"अहो, सगळीकडे हेच चालतं," कंपनीचा माणूस म्हणाला. "ती एक फाइल बदलली की झालं. नवी लायब्ररी पॅकेजमधून हाताने बाहेर काढायची, जुनी बाजूला ठेवायची, नवी तिच्या जागी. मी मागे एका ठिकाणी असंच केलं."

मॅडम दारात उभ्या होत्या. "काकू, होणार आहे की नाही? आज तीन ऑपरेशनं आहेत. मला पुसट लेबलं नकोत."

"मॅडम, मशीन नको म्हणतंय."

"मशीन नको म्हणतंय की तुम्ही?"

मॅडम तशा सहज बोलल्या. पण काकूंच्या कानात तो आवाज भावाचा होता. भ्यायलीस, असं सरळ म्हण ना. त्यांच्या कानशिलाशी ऊन लागल्यासारखं झालं. त्यांनी नवी फाइल पॅकेजमधून बाहेर काढून ठेवली. मग जुनीचं नाव बदलून ती बाजूला सारणारी ओळ टाइप केली आणि एंटर दाबला. काही तक्रार आली नाही. मग त्यांनी नवी जागेवर ठेवणारी ओळ टाइप केली.

उत्तर आलं: लायब्ररी सापडत नाही.

काकूंनी नुसती फाइलींची नावं दाखव म्हणून सांगितलं. लायब्ररी सापडत नाही. तारीख विचारली. लायब्ररी सापडत नाही.

आता काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. आदेश कुठलाही असो, पाऊल उचलण्याआधी तो त्या लायब्ररीला हाक मारतो. फाइल जागेवर ठेवणारा आदेशसुद्धा. शिडी माळ्यावर ओढून घ्यावी आणि आपण खालीच राहावं, तसं झालं होतं. जुनी फाइल तिथंच होती, दोन बोटांवर, फक्त नाव बदललेली. ते नाव परत बदलायला लागणारा हात त्यांनीच तोडला होता.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"एकदा बंद करून चालू करा," कंपनीचा माणूस म्हणाला आणि पेटीच्या बटणाकडे वाकला.

"हात लावू नका!" काकू एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरच्या खोलीतली बडबड थांबली. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो माणूस भिंतीला चिकटला.

आत्ता जे चालू होतं ते केवळ आधीपासून चालू होतं म्हणून चालू होतं. पेढीचा प्रोग्राम सकाळपासून मशीनच्या स्मृतीत होता, त्याला लायब्ररी पुन्हा शोधायची गरज नव्हती. बाहेर मुली अजून नोंदी करत होत्या. पण पेटी एकदा बंद झाली की पुन्हा उठणार नव्हती. आणि काकूंसमोरची ही एक काळी खिडकी मिटली, तर दुसरी उघडणार नव्हती.

तेवढ्यात बर्फ दारात आले. "काकू, लेबल येत नाहीये. जुन्या प्रिंटरवरही नाही. थिएटरमधून दोन पिशव्या मागवल्यात, बाई टेबलावर आहे."

लेबल छापताना प्रोग्राम दर वेळी एक नवा छोटा प्रोग्राम सुरू करत असे. तो आता सुरू होणार नव्हता.

"लेबल येणार नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "माझ्याकडून मशीन मोडलंय. हाताने लिहा. पडद्यावरच्या नोंदी दिसतायत तोवर बघून घ्या."

बर्फ "बरं" म्हणाले आणि गेले. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. एक जण पिशवीवरचा आकडा वाचत होता, दुसरा तोच पुन्हा म्हणत होता, अक्षर न् अक्षर, घाई न करता.

मॅडमचा चेहरा उतरला होता. "मोडलंय म्हणजे?"

"सांगते. आधी इथं बसा."

"मी?"

"मॅडम, या खोलीत मोबाइलला रेंज नसते आणि मला फोन करायचाय. ही खिडकी थोडा वेळ कुणी काही टाइप केलं नाही की आपोआप मिटते. सुरक्षेसाठी मीच तसं करून ठेवलंय. तुम्ही मधूनमधून फक्त हे बटण दाबा. दुसरं कुठलंही नाही."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर पेढी आज बंद."

मॅडम बसल्या. पांढरा कोट आवरून, एक बोट एंटरवर ठेवून, श्वास रोखून बसल्या. काकू व्हरांड्यात गेल्या.

भावाने फोन उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. काकूंनी आतल्या मॅडमच्या पाठीकडे बघितलं. मग निरोप टाइप केला: 'मशीन मोडलं. माझ्या हातून. फोन कर.' तो पाठवताना अंगठा अडला, पण अडून चालणार नव्हतं.

फोन लगेच वाजला.

"ताई? काय केलंस?"

काकूंनी सांगितलं. एका दमात, काही न लपवता. काकूंना वाटलं आता येईल ते वाक्य, मी म्हटलं नव्हतं का. त्या ओठ घट्ट मिटून वाट बघत राहिल्या.

"खिडकी उघडी आहे?" भावाने विचारलं.

"आहे."

"सगळे अधिकार त्याच खिडकीत आहेत? मधे बाहेर पडली नाहीस?"

"नाही."

"कुणी मशीन बंद केलं नाही ना?"

"करणार होता एक जण. ओरडले मी."

"शाब्बास." त्याचा आवाज कापत होता. तोही घाबरलाय, हे काकूंच्या लक्षात आलं, आणि कसं कोण जाणे, त्यांना स्वतःला जरा धीर आला. "आता ऐक. जुनी फाइल तू पुसली नाहीस, फक्त नाव बदललंस. म्हणजे ती जिवंत आहे. आदेशाला ती सापडत नाही, कारण तो नेहमीच्या जागी बघतो. आपण त्याला आधीच सांगायचं, बाबा रे, तिकडे बघू नकोस, लायब्ररी या नावाने इथे ठेवलीय, ही घे आणि कामाला लाग. आदेशाच्या आधी, त्याच ओळीत, तिचा पत्ता लिहायचा."

"एवढंच?"

"एवढंच. पण पत्ता अचूक हवा. काय नाव दिलं होतंस?"

काकू आठवू लागल्या. रागाच्या भरात टाइप केलेलं नाव. शेवटी 'जुनी' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पण आधी टिंब दिलं होतं की रेघ?

"आठवत नाही."

"नावं दाखवणारा आदेश चालणार नाही. पण 'एको' चालेल, तो खिडकीच्या स्वतःच्या पोटात असतो, त्याला बाहेरून काही लागत नाही. त्याला ताऱ्याचं चिन्ह देऊन विचार, तो सगळी नावं सांगेल."

काकू आत धावल्या. मॅडम अजून तशाच बसल्या होत्या. "दाबतेय मी," त्या पुटपुटल्या. काकूंनी उभ्याउभ्याच, त्यांच्या खांद्यावरून हात घालून 'एको' टाइप केलं. स्क्रीनवर नावांचा गठ्ठा आला, एकाला एक चिकटून. त्यातून त्यांनी आपलं नाव शोधलं. रेघ होती, टिंब नव्हतं.

दाराशी येऊन त्यांनी ते भावाला वाचून दाखवलं. त्याने पूर्ण ओळ सांगितली. काकूंनी ती हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर लिहून घेतली, परत वाचून दाखवली आणि आत आल्या. मॅडम उठल्या. काकू बसल्या. ओळ टाइप केली, एकदा वाचली, एंटर दाबला.

लायब्ररी सापडत नाही.

मॅडमच्या तोंडून "अरे देवा" निघालं. कंपनीचा माणूस कधीच व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता. काकूंच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. शीतगृहाच्या भिंतीला टेकलेल्या त्या खोलीत एरवी शाल घेऊन बसावं लागे.

"नाही झालं," त्या दारातून फोनमध्ये म्हणाल्या. "तेच येतंय."

"तू टाइप केलेली ओळ वाच. मी सांगितलेली नको, स्क्रीनवरची वाच."

काकूंनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी स्क्रीनवरून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, काकूंनी ते फोनमध्ये म्हटलं. अशी ती ओळ दोन तोंडांतून गेली.

"थांब," भाऊ म्हणाला. "मी तुला माझ्या इथल्या मशीनसारखा पत्ता दिला. तुझं जुनं आहे. तुझ्याकडे लायब्ररी एक फोल्डर आत असेल. 'एको' कुठे विचारलं होतंस?"

"जिथून हलवली तिथेच उभी होते."

"म्हणजे कुठे? मी उंटावरून शेळ्या हाकतोय ताई, मला काही दिसत नाहीये."

काकूंनी डोळे मिटले. फोल्डरचं नाव त्यांना रोजच्या वाटेसारखं पाठ होतं. घाबरल्यामुळे त्यांनी भावाने सांगितलेलं आंधळेपणाने लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं.

"तेच," भाऊ म्हणाला. "तेच घाल मधे. दोन्ही ठिकाणी. आणि ताई, सावकाश."

फोन स्पीकरवर टाकून, व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून त्या परत बसल्या. बाहेर थिएटरच्या फोनची घंटा वाजली, बर्फांनी उचलला, "निघाल्यात, वाटेत आहेत," म्हणाले. काकूंनी ओळ टाइप केली. मग मॅडमकडे वळल्या. "हे खोक्यावरचं आणि स्क्रीनवरचं. तुम्ही वाचा, मी बघते."

मॅडमनी वाचलं. काकूंनी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवलं. मग एंटर दाबला.

काहीच आलं नाही. तक्रार नाही, उत्तर नाही, नुसती पुढची रिकामी ओळ. काकूंना कळेना, झालं की खिडकीच मेली. त्यांनी नावं दाखवणारा साधा, दोन अक्षरी आदेश दिला.

नावं भराभर उतरली.

मॅडमनी काकूंचा खांदा इतक्या जोरात धरला की दुखलं. व्हरांड्यातून फोनमधला आवाज येत होता, "ताई? ताई, बोल की!" काकू त्या नावांत जुनी फाइल जागेवर बसली का ते बघत होत्या. मॅडमनीच जाऊन फोन उचलला आणि ओळख ना पाळख, "झालं हो, झालं," असं त्याला सांगितलं.

*

थिएटरमध्ये गेलेल्या दोन्ही पिशव्या बरोबर होत्या. टेबलावरची बाई वाचली. मॅडमनी संध्याकाळी मुद्दाम चौकशी केली.

त्याआधी त्यांनी काकूंना आपल्या खोलीत बोलावलं. काकू उभ्याच राहिल्या. "मशीनने दोनदा नकार दिला होता," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा मी त्याला विचारलंच नाही. हाताने केलं."

"मी मागे उभी राहून घाई करत होते," मॅडम म्हणाल्या.

"हो."

मॅडमना बहुधा 'नाही नाही' ऐकायची अपेक्षा असावी. "पण हात तुमचा होता, काकू. वर कळवावं लागेल."

"कळवा."

कळवलं गेलं. काकूंना ताकीद मिळाली, ती त्यांनी निमूट घेतली. मग त्यांनी तोंड उघडलं. चालत्या मशीनवर यापुढे कुणी एकट्याने काही बदलणार नाही, आपण स्वतःही नाही. दुसरं मशीन हवं. आणि नवी आवृत्ती चढवायला सबंध एक रविवार पेढी हाताने चालवावी लागेल. मॅडमनी सगळं मान्य केलं. हाताने चालवायचं ऐकून बर्फ म्हणाले, "सराव झालाच आहे."

कंपनीच्या माणसाला नवा प्रिंटर खोक्यात बांधून देऊन परत पाठवलं होतं. त्याला सांगितलं, नवी आवृत्ती चढली की बोलावू, तोवर येऊ नका. तोवर जुन्या प्रिंटरला दुसऱ्या रक्तपेढीतून आणलेली शाई घालून दिवस काढले.

धाकटा भाऊ न बोलावता आला. त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी काकूंच्या दारात बॅग घेऊन उभा राहिला. "आई म्हणाली, जा," एवढंच म्हणाला. ते खोटं होतं. काकूंनी आईला यातलं काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि "तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास ते मला आवडलं नव्हतं," असं सांगून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." मग जरा थांबून, "पण आवृत्ती जुनी होतीच."

"होतीच," काकू म्हणाल्या आणि त्याच्यासाठी अंथरूण काढायला गेल्या.

दुसऱ्या मशीनवर आधी दोनदा सगळं करून पाहिलं होतं, तरी रविवारी चिंचोळ्या खोलीत दोघांनाही काही सुचत नव्हतं. पॅकेज मॅनेजर शेकडो पॅकेजं आणत होता, उलगडत होता, एकेक जागेवर बसवत होता. मधेच एक अहवाल छापणारं पॅकेज अडलं; त्याची जुनी सोबतीण नव्या आवृत्तीत नव्हतीच. तासभर वाद झाला, शेवटी तिच्याऐवजी दुसरी घेतली. मग स्क्रीनवर आलं: मशीन पुन्हा सुरू करा.

काकूंनी आदेश दिला. पंखे थांबले. खोलीत शीतगृहाची घरघर तेवढी राहिली. मग पंखे पुन्हा फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. भावाने तोंडावर हात ठेवला. काकू हात मांडीवर ठेवून, कीबोर्डला न शिवता बसून राहिल्या. मग पहिली पांढरी ओळ आली. दुसरी आली, तिसरी आली, आणि मग त्या मोजता येणार नाहीत इतक्या वेगाने वर सरकू लागल्या.

मॅडमचा फोन बाहेरच्या टेबलावर आला. बर्फांनी दारातून डोकावून विचारलं, "झालं का, विचारतायत."

"थांबा म्हणावं," काकू म्हणाल्या. "शीतगृहातली कुठलीही एक पिशवी आणा. आधी तिचा बारकोड वाचून बघू."